डिझेल एंजिनाच्या हेडाचे बोल्ट : पुनर्वापर आणि योग्य आवळणी

डिझेल एंजिनाच्या अनेक भागांमध्ये सिलिंडरचे टोपण घट्ट धरून ठेवणारे बोल्ट हे दिसण्यात अत्यंत साधे असतात. त्यांस गती नाही, त्यांना तेलपाणी लागत नाही, आणि एंजिन सुरळीत चालत असेपर्यंत त्यांची कोणास आठवणही होत नाही. तथापि एंजिनाच्या दुरुस्तीनंतर पुन्हा उद्भवणाऱ्या दोषांचा माग काढीत गेल्यास तो पुष्कळदा ह्या बोल्टांपाशीच येऊन थांबतो. जुना बोल्ट पुन्हा वापरावा की न वापरावा, आणि वापरल्यास तो किती व कसा आवळावा, ह्या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हा विषय केवळ मोठ्या कारखान्यांपुरता नाही. भिलाई शहराच्या विस्तारात सामावलेल्या कुरुदसारख्या वस्तीचे उदाहरण घ्यावे. सोव्हिएट संघाशी १९५५ मध्ये झालेल्या करारानुसार भिलाईचा पोलाद कारखाना उभारण्यात आला आणि त्याची पहिली झोतभट्टी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. तेव्हापासून ह्या परिसरात मालमोटारी, डंपर, क्रेन आणि विद्युत्‌जनित्रे यांच्या रूपाने डिझेल एंजिनांचा वावर वाढत गेला. आणि भोवतालच्या भातशेतीत पंप चालविणारी लहान एंजिनेही आली. १९५६ पर्यंत छत्तीसगढ व विदर्भ हे एकाच प्रांताचे भाग होते व नागपूर ही त्यांची राजधानी होती. त्यामुळे दुर्ग-रायपूरकडे मराठी कुटुंबांची वस्ती जुनी आहे. नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गाने पुण्या-साताऱ्याची एंजिनेही तिकडे पोचतात. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० नंतरच्या दशकात डिझेल एंजिने बनविण्यास आरंभ केला. पुण्याची किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही संस्था १९४६ मध्ये आणि किर्लोस्कर कमिन्स ही १९६२ मध्ये स्थापन झाली. पाऊस ओढ देतो आणि भाताच्या खाचरांत पाणी हवे असते, त्या आठवड्यात पंपाचे एंजिन बंद पडले तर होणारे नुकसान बोल्टाच्या किमतीत मोजता येत नाही.

बोल्टावर पडणारा भार

रूडॉल्फ डिझेल यांच्या एंजिनाचे तत्त्व असे की, सिलिंडरमधील हवा दट्ट्याने इतकी दाबावयाची की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटावे. ठिणगीची गरज नाही. पण त्याची किंमत म्हणून सिलिंडरमधील दाब फार मोठा होतो. हा दाब दट्ट्याला जितक्या जोराने खाली ढकलतो तितक्याच जोराने तो वरच्या टोपणाला, म्हणजे कारागिरांच्या भाषेत हेडाला, वर उचलू पाहतो.

शेतीपंपासाठी वापरले जाणारे ५ अश्वशक्तीचे एक परिचित एंजिन पाहू. त्याच्या सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर असतो व ते मिनिटास १,५०० फेरे करते. सिलिंडरच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर भरते. ज्वलनाच्या क्षणी दाब दर चौरस सेंटिमीटरला ७० किलोग्रॅम धरला, तर हेडास वर लोटणारे बल ३,५०० किलोग्रॅम, म्हणजे साडेतीन टन होते. चार धावांच्या एंजिनात दर दोन फेऱ्यांस एकदा ज्वलन होते. म्हणून हा तडाखा मिनिटास ७५० वेळा आणि तासास ४५,००० वेळा बसतो.

आता हेड चार बोल्टांनी धरले आहे असे समजू. प्रत्येक बोल्टाच्या वाट्यास एक टनाहून कमी बल येते. मग बोल्ट तेवढ्यापुरताच आवळून का भागत नाही? ह्याचे उत्तर समजण्यासाठी बैलगाडीच्या चाकाकडे पाहावे. सुतार लाकडी चाकावर लोखंडी धाव बसवितो ती तापवून. निवताना ती आकसते आणि चाकाचे तुकडे एकमेकांत करकचून धरते. रस्त्यावरचे धक्के नंतर बसतात. धावेतील ताण त्यांच्या आधीपासूनच असतो. हा पूर्वताण आहे म्हणूनच चाक खिळखिळे होत नाही.

बोल्टाचेही तसेच आहे. नट फिरविला की बोल्ट किंचित लांबतो व ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे हेड, गॅस्केट आणि सिलिंडरचा ठोकळा यांस एकत्र दाबून धरतो. हा पूर्वताण वायूच्या बलापेक्षा पुष्कळ अधिक असेल, तर प्रत्येक ज्वलनाच्या वेळी मुख्यतः दाबलेल्या भागांवरील दाब कमीअधिक होतो. बोल्टाच्या स्वतःच्या ताणात फारच थोडा फरक पडतो. उलट पूर्वताण अपुरा असेल, तर सांधा दर तडाख्याला सूक्ष्म प्रमाणात उघडतो आणि पूर्ण चढउतार बोल्टावर पडतो. धातूस येणारा शिणवटा हा भाराच्या मोठेपणापेक्षा त्याच्या चढउतारामुळे अधिक येतो. म्हणून घट्ट बोल्टापेक्षा सैल बोल्ट लवकर तुटतो, हे वरवर विपरीत वाटणारे विधान खरे आहे.

गॅस्केटच्या बाबतीतही हेच. ते पुरेसे दाबले गेले नाही, तर तप्त वायू त्याच्या कडेने वाट शोधतो. रेडिएटरात बुडबुडे येणे, पाणी वरचेवर कमी होणे, तेलाचा रंग दुधासारखा होणे, हेडाच्या कडेने काजळीची रेघ उमटणे ही त्याची लक्षणे होत.

ताण आणि वाढ

पदार्थाची वाढ ताणाच्या प्रमाणात होते हा नियम रॉबर्ट हुक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केला. पोलादाचा बोल्ट एका मर्यादेपर्यंत हा नियम पाळतो व ताण काढताच मूळच्या लांबीवर परत येतो. ही त्याची स्थितिस्थापक मर्यादा होय. तिच्यापलीकडे ताणल्यास काही वाढ कायमची राहते, आणि आणखी ताणल्यास बोल्ट एका जागी बारीक होऊन अखेर तुटतो.

ही वाढ किती सूक्ष्म असते हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. १२ मिलिमीटर व्यासाचा, ८.८ प्रतीचा बोल्ट घेऊ. ह्या आकड्यांतील ८ हा अंक दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन तुटण्याचे बल दर्शवितो, आणि दुसरा ८ असे सांगतो की, त्याच्या ८० टक्के बलापाशी कायमची वाढ सुरू होते. अशा बोल्टास सुमारे ३,७०० किलोग्रॅमचा पूर्वताण देणे योग्य ठरते. चार बोल्टांचे मिळून १४,८०० किलोग्रॅम होतात. साडेतीन टनांच्या तडाख्यापुढे ही तरतूद भरपूर दिसेल; परंतु तिचा मोठा हिस्सा गॅस्केट दाबण्यात खर्ची पडतो. इतक्या ताणाने १०० मिलिमीटर लांबीचा बोल्ट केवळ ०.१६ मिलिमीटर लांबतो. म्हणजे बोल्टाच्या डोक्याखाली किंवा हेडाच्या पृष्ठावर राहिलेला ०.०५ मिलिमीटर जाडीचा काजळीचा थर चालू एंजिनात चुरडून निघून गेला, तर पूर्वताणाचा सुमारे तिसरा हिस्सा त्याबरोबर नाहीसा होतो. स्वच्छतेचा आग्रह का धरावयाचा, ह्याचे उत्तर ह्या एका आकड्यात आहे.

पान्याचा जोर जातो कोठे?

बोल्टातील ताण प्रत्यक्ष मोजणे कठीण. म्हणून व्यवहारात नट फिरविण्यास लागणारा पीळ मोजतात. कारखान्यांत त्यास टॉर्क व तो मोजणाऱ्या साधनास टॉर्क पाना असे म्हणतात. एक मीटर लांब दांड्याच्या टोकाशी एक किलोग्रॅम जोर लावला, तर पीळ एक किलोग्रॅम-मीटर होतो. नव्या पुस्तकांत दिल्या जाणाऱ्या न्यूटन-मीटर ह्या मापात तो ९.८१ भरतो.

परंतु पीळ म्हणजे ताण नव्हे. दिलेल्या पिळापैकी जवळजवळ निम्मा नटाच्या बुडाशी होणाऱ्या घर्षणात आणि सुमारे ४० टक्के आट्यांच्या घर्षणात जातो. बोल्ट ताणण्याच्या उपयोगी पडतो तो उरलेला अदमासे दहावा हिस्सा. साहजिकच घर्षणात थोडा फरक पडला की ताणात मोठा फरक पडतो.

वर घेतलेल्या बोल्टास ३,७०० किलोग्रॅम ताण देण्यासाठी आटे कोरडे असतील तर सुमारे ९ किलोग्रॅम-मीटर पीळ लागतो. आट्यांना व नटाच्या बुडाशी एंजिनाचे तेल लावले असेल तर ६.७ पुरतो. आता समजा की, पुस्तकात कोरड्या आट्यांसाठी ९ हा आकडा दिला आहे आणि कारागिराने सद्‌हेतूने तेल लावून तेवढाच पीळ दिला. ताण ५,००० किलोग्रॅमपर्यंत जाऊन बोल्ट आपल्या सुरक्षित भाराच्या टोकाशी पोचतो. उलट तेल लावून ६.७ असा आदेश असता गंजलेला बोल्ट तसाच बसविला, तर ताण जेमतेम १,८५० किलोग्रॅम, म्हणजे अपेक्षेच्या निम्माच राहतो. दोन्ही वेळा टॉर्क पान्याने ‘बरोबर’ असाच इशारा दिलेला असतो. तेव्हा पिळाचा आकडा वाचताना त्याच्यासोबत आटे कोरडे की तेलकट, आणि तेल कोणते, हेही वाचले पाहिजे. तेलाविना दिलेल्या आकड्याने तेलकट बोल्ट आवळू नये, आणि ग्रॅफाइटाचे किंवा तांब्याचे वंगण आपल्या मनाने लावू नये.

जुना बोल्ट पुन्हा वापरावा काय?

ह्या प्रश्नास सरसकट होय किंवा नाही असे उत्तर नाही. बोल्ट दोन प्रकारे आवळले जातात, आणि उत्तर त्यावर अवलंबून असते.

पहिल्या प्रकारात बोल्ट स्थितिस्थापक मर्यादेच्या आतच ठेवला जातो. जुन्या शेतीपंपांची व बहुतेक सावकाश चालणारी एंजिने ह्या प्रकारची असतात. त्यांत बोल्टाऐवजी ठोकळ्यात रोवलेले स्टड आणि वर नट असतात. असा बोल्ट किंवा स्टड निर्दोष असेल, तर तो पुन्हा वापरण्यास हरकत नाही.

दुसऱ्या प्रकारात बोल्ट आरंभी ठराविक पिळाने आवळून मग ९० अंश किंवा अशाच ठरीव कोनातून फिरवितात. १२ मिलिमीटर बोल्टाच्या जाड आट्यांचे अंतर १.७५ मिलिमीटर असते; म्हणून पाव फेऱ्यात नट ०.४४ मिलिमीटर पुढे सरकतो. ह्यातील काही भाग सांधा दाबण्यात जातो; तरी उरलेली वाढ बोल्टास स्थितिस्थापक मर्यादेच्या कडेशी किंवा तिच्या पलीकडे नेण्यास पुरते. ह्या पद्धतीचा लाभ असा की, फिरण्याचा कोन घर्षणावर अवलंबून नसतो, आणि मर्यादेपाशी ताण जवळजवळ स्थिर राहत असल्यामुळे सर्व बोल्ट सारखे ताणले जातात. मात्र प्रत्येक वेळी थोडी कायमची वाढ बोल्टात जमा होते. म्हणून काही निर्माते असे बोल्ट एकदाच वापरावेत असे सांगतात; काही जास्तीत जास्त लांबी ठरवून देतात, आणि तिच्या आत असलेला बोल्ट पुन्हा वापरू देतात. एंजिनाच्या पुस्तकात पिळानंतर कोनाचा उल्लेख असेल, तर बोल्ट बहुधा ह्या प्रकारचा आहे असे समजावे व पुस्तकातील आज्ञा तंतोतंत पाळावी.

पुनर्वापरापूर्वीची तपासणी

बोल्ट काढताना एंजिन पूर्ण निवलेले असावे, आणि सर्व बोल्ट बाहेरून आत अशा क्रमाने थोडे थोडे सैल करावेत. एकदम सोडल्यास हेड वाकण्याचा संभव असतो. कोणता बोल्ट कोणत्या छिद्रातील, हे पुठ्ठ्यावर छिद्रे पाडून त्यांत बोल्ट खोचून ठेवल्यास विसरत नाही. त्यानंतरची तपासणी पुढीलप्रमाणे करावी.

बोल्ट रॉकेलमध्ये धुऊन तारेच्या ब्रशाने साफ करावा. गंजाने पडलेले खड्डे, चेपलेले आटे किंवा आट्यांच्या मुळाशी चरे दिसल्यास तो बाद करावा. शिणवट्याची चीर अशाच जागी सुरू होते. नवा नट बोटांनी फिरवीत शेवटपर्यंत न्यावा. मध्येच तो अडला, तर त्या जागी आटे ताणले गेले आहेत असे समजावे. दोन बोल्टांचे आटे एकमेकांत बसवून उजेडाकडे धरल्यासही हा दोष फटीच्या रूपाने दिसतो.

व्हर्निअर कॅलिपरने लांबी मोजून ती नव्या बोल्टाच्या किंवा पुस्तकातील मर्यादेच्या लांबीशी ताडून पाहावी. दांड्याचा व्यासही दोन-तीन ठिकाणी मोजावा. एखाद्या जागी तो कमी भरल्यास तेथे बोल्टाची मान पडू लागली आहे. काचेच्या तक्त्यावर घरंगळविल्यास वाकलेला बोल्ट तत्काळ ओळखू येतो. चिरेचा संशय असेल, तर आगगाडीच्या कारखान्यांत पूर्वापार चालत आलेली रीत वापरावी : बोल्ट काही वेळ रॉकेलमध्ये ठेवून कोरडा पुसावा व त्यावर खडूची पूड लावावी. चिरेत शिरलेले रॉकेल बाहेर झिरपून पांढऱ्या खडूवर रेघ उमटविते.

बाद बोल्टाच्या जागी घ्यावयाचा नवा बोल्ट त्याच प्रतीचा, त्याच लांबीचा आणि त्याच आट्यांचा असावा. ४.६ प्रतीच्या सामान्य बोल्टात दर चौरस मिलिमीटरला २४० न्यूटनपाशीच कायमची वाढ सुरू होते. वरील उदाहरणातला ताण तो पेलूच शकत नाही. भारतात मेट्रिक मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली, आणि जुन्या एंजिनांवर इंची आटे अद्याप आढळतात. अर्धा इंची व्हिटवर्थ बोल्टास इंचाला १२ आटे, तर त्याच व्यासाच्या अमेरिकी जाड बोल्टास १३ आटे असतात. एक दुसऱ्यात दोन-चार फेरे जातो. पण जोर लावल्यास दोघांचेही आटे नासतात.

आवळण्याची रीत

प्रथम ठोकळा व हेड यांची पृष्ठे साफ करावीत. जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. म्हणून ते ओले करून खरवडावे, कोरडे घासू नये किंवा हवेने फुंकरू नये, कारण त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे. सरळ पट्टी व जाडीच्या पात्या वापरून हेडाची सपाटी तपासावी.

ठोकळ्यातील बोल्टाची छिद्रे बुडाशी बंद असतील, तर त्यांत साचलेले पाणी किंवा तेल काढून टाकणे अत्यावश्यक आहे. द्रव दबत नाही. बोल्ट खाली जाऊ लागला की तो दट्ट्यासारखे काम करून बिडाचा ठोकळा फोडू शकतो. शिवाय असा बोल्ट द्रवावर टेकून घट्ट झाल्याचा आभास देतो आणि हेड मात्र सैलच राहते. आटे साफ करण्यासाठी धातू कापणारे टॅप वा डाय न वापरता केवळ मळ काढणारे हत्यार वापरावे.

पुस्तकात सांगितल्याप्रमाणे तेल लावून सर्व बोल्ट प्रथम हाताने बसवावेत. त्यानंतर मधून कडेकडे, आणि चारच बोल्ट असल्यास समोरासमोरच्या कोपऱ्यांत, असा क्रम धरावा. मधून आरंभ केल्याने गॅस्केट बाहेरच्या बाजूस सपाट पसरत जाते. कडेपासून आरंभ केल्यास मध्ये फुगवटा राहतो. पूर्ण पीळ एकदम न देता तो तीन टप्प्यांत द्यावा : पहिल्याने तिसरा हिस्सा, मग दोन तृतीयांश, मग पूर्ण. प्रत्येक टप्पा सर्व बोल्टांवर पुरा झाल्याखेरीज पुढच्यास हात घालू नये. पुस्तकात निराळे टप्पे असतील तर तेच प्रमाण मानावेत.

टॉर्क पाना मुठीच्या जागीच धरून एकसारख्या संथ ओढीने फिरवावा. हिसका देऊ नये, दांड्यास नळी लावू नये, आणि इशारा मिळाल्यावर पुन्हा ओढू नये. काम संपल्यावर स्प्रिंगचा पाना सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावा व तो वेळोवेळी तपासून घ्यावा. कोनाने आवळताना नटावर व हेडावर रंगाची खूण करावी. अंदाजाचा पाव फेरा हा पाव फेरा नसतो.

पुन्हा आवळणे

जुन्या पद्धतीचे तांबे व तंतूंचे गॅस्केट पहिल्या उष्णतेने थोडे बसते आणि पूर्वताण घटतो. म्हणून अशा एंजिनात काही काळ चालविल्यानंतर बोल्ट पुन्हा आवळण्याची सूचना असते. अशा वेळी पान्याचा जोर नुसता वाढवीत जाणे योग्य नव्हे. थांबलेल्या नटाचे घर्षण चालत्या नटापेक्षा अधिक असल्याने नट हलण्यापूर्वीच पाना इशारा देतो. एका वेळी एकच नट घेऊन, ठरलेल्या क्रमाने, तो पाव फेरा सैल करून एका ओढीत पूर्ण पिळापर्यंत न्यावा. हे काम एंजिन गरम असता करावे की निवल्यावर, तेही पुस्तकात पाहावे. हेड किंचित खाली बसल्याने झडपांची फट बदलते. ती नंतर पुन्हा लावावी. पोलादी पत्र्यांच्या अनेक थरांच्या नव्या गॅस्केटांत व कोनाने आवळलेल्या बोल्टांत मात्र पुन्हा आवळण्याची सूचना बहुधा नसते. तेथे ते करणे हानिकारक ठरते.

हेड ॲल्युमिनियमचे असेल, तर आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. तापमान ८० अंशांनी वाढल्यास १०० मिलिमीटर जाडीत हा फरक सुमारे ०.०९ मिलिमीटर होतो, म्हणजे आरंभीच्या ०.१६ मिलिमीटर वाढीच्या निम्म्याहून अधिक. ह्याचा काही भाग सांध्यात जिरतो, उरलेला बोल्टास अधिक ताणतो. थंडपणीच मर्यादेपर्यंत आवळलेला बोल्ट चालू एंजिनात म्हणूनच धोक्यात येतो. ‘थोडे जास्त आवळले तर बिघडले कोठे?’ ह्या नेहमीच्या प्रश्नाचे हे उत्तर होय.

प्रत्येक एंजिनामागे एक लहान वही ठेवून तीत हेड कधी काढले, कोणते बोल्ट बदलले, त्यांची मोजलेली लांबी किती, पीळ किती व आटे कोरडे की तेलकट, एवढी नोंद केली तरी पुढच्या दुरुस्तीचे अर्धे काम हलके होते. एक बोल्ट बाद करावा की राखावा, हा प्रश्न हाताच्या अंदाजावर सोडण्याऐवजी मापावर सोडणे, हेच ह्या साऱ्या विवेचनाचे सार आहे. संशयित बोल्ट वाचविल्याने होणारी बचत थोडी. तो तुटल्यास गॅस्केट, हेड आणि कधी कधी ठोकळाही जातो, आणि पाण्याची वाट पाहणारे शेत तोवर थांबत नाही.